शेवटच्या दिवसाची शुभेच्छा

आमच्या ह्यांनी जन्मभर फ्रेंच शिकवली आणि मी जन्मभर त्या भाषेची टिंगल केली. सर्दी झाल्याशिवाय ही बोलताच येत नाही, असं मी म्हणायचे. ते हसायचे. मेंदूत रक्ताची गाठ झाली, एक हात लुळा पडला आणि त्यांची मराठी पार पुसली गेली. उरल्या त्या फक्त फ्रेंचमधल्या शुभेच्छा. डॉक्टरीणबाई म्हणतात, रोज घोकलेलं तेवढं टिकतं.

त्या लोकांकडे म्हणे बारीकसारीक प्रसंगालाही शुभेच्छा असते. ताट समोर आलं की हे म्हणतात, 'बोन आपेती'. नर्स सुई घेऊन आली की 'बों कुराज', म्हणजे हिंमत ठेवा. सुई टोचायची ह्यांना आणि धीर द्यायचा तिला! सगळा वॉर्ड हसतो. मीही हसते, रडायचा आता कंटाळा आलाय.

मला एवढंच हवं होतं, की ह्यांनी मला ओळखावं.

आणि एक आशा होती. संध्याकाळी मी निघाले की ते म्हणायचे, 'बोन कोंतिन्युआसियों'. फक्त मला, दुसऱ्या कुणाला नाही. घरी भांडी घासताना मी तेच पुटपुटत बसायचे. शेवटी लेकीला अर्थ विचारला. ती बापाकडेच शिकलेली.

"सुखात राहा, असंच काहीतरी," म्हणाली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.

"खरं सांग."

"आई, बॅच संपली की शेवटच्या दिवशी बाबा मुलांना हे म्हणायचे. पुढचं सगळं नीट चालू दे, असं. ज्यांची परत गाठ पडायची नाही, त्यांना म्हणतात."

"मग मला कशाला?"

तिने फडकं पिळून वाळत टाकलं.

आज निघताना मी त्यांच्या उशाशी वाकले. "येते हं," म्हटलं. उभ्या संसारात ह्यावर त्यांचं एकच उत्तर असायचं, 'लवकर ये.' मी थांबले. पिशवी उचलली, खाली ठेवली. पुन्हा म्हटलं, "अहो, येते."

त्यांनी चांगला हात पुढे केला, माझा हात अदबीने हलवला आणि हसून म्हणाले, "बोन कोंतिन्युआसियों, मादाम."

उत्तराला मला त्या भाषेतला एकच शब्द येतो, आभाराचा.

"मेर्सी, सर," मी म्हटलं.