मानीबाईचे मणके

मुकुटबनजवळच्या त्या तांड्यात भांडणात लालीबाईसमोर टिकेल असं कोणी नव्हतं. पण बासष्ट सालच्या चैत्रात तिची मोठी पंचाईत झाली. तिच्याजवळच्या शिव्याच संपल्या. शेजारच्या मानीबाईशी वीस वर्षं भांडून सगळ्या वापरून झाल्या होत्या. आता एखादी हासडली, तर मानीबाई जांभई देऊन म्हणायची, "हे तं तू पोळ्यालेच म्हणली होती."

त्याच दिवसांत लालीबाईची जया सातवीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. शास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन ती दारात बसून मोठमोठ्यानं घोकायची, "उभयचर, परोपजीवी, अपृष्ठवंशी..." लालीबाई ज्वारी पाखडता पाखडता ऐकायची. अर्थ तिनं कधी विचारला नाही. शब्दांना वजन होतं, तेवढं तिला पुरे होतं.

मग एका सकाळी मानीबाईच्या बकऱ्यांनी लालीबाईच्या अंगणात वाळत घातलेली मोहफुलं फस्त केली. लालीबाई कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

"अवं उभयचरे! परोपजीवी! तू अपृष्ठवंशी, तुई सासू अपृष्ठवंशी, तुह्या सात पिढ्या अपृष्ठवंशी!"

मानीबाईसाठी या शिव्या कोऱ्या करकरीत होत्या. डोळ्यांना पदर लावून ती तडक तांड्याच्या नायकाकडे, धरमसिंगकडे गेली.

न्याय करायचा तर शिवी किती वजनाची ते कळायला हवं. धरमसिंगनं लालीबाईला बोलावलं आणि शाळेत देवराव गुरुजींनाही बोलावणं धाडलं. गुरुजींच्या मागोमाग अख्खी शाळा आली.

"गुरुजी, हे उभयचर म्हंजे हलकी शिवी व्हय का भारी?" धरमसिंगनं विचारलं.

"शिवी नाही हो. पाण्यातही राहतो आणि जमिनीवरही, तो उभयचर. जसा बेडूक."

"मले बेंडकी म्हणली!" मानीबाईनं टाहो फोडला.

"आन् परोपजीवी?"

"दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. जशी गोचीड."

लालीबाईला मनातून उकळ्या फुटत होत्या. आपण इतकं चांगलं बोललो, हे तिला आत्ताच कळत होतं.

"आन् ते लांबवालं?"

"अपृष्ठवंशी. म्हणजे पाठीचा कणा नसलेला. गांडूळ, झुरळ."

मानीबाई ताडकन उठली. "मले कणा नाही? मुकुटबनच्या बाजारातून ज्वारी डोक्यावर कोण आणते? मोजा माहे मणके! आताच्या आता मोजा!"

तांड्याची सुईण सोनीबाई पुढं झाली. मानेपासून एकेक मणका दाबत ती खाली आली आणि म्हणाली, "चोवीस."

"बरोबर! त्याखालचे एकमेकांना चिकटलेले असतात," गुरुजी खुशीत म्हणाले.

"आता तिचेबी मोजा," मानीबाई म्हणाली.

लालीबाई ऐटीत पाठमोरी बसली खरी, पण सोनीबाईचं बोट टेकताच ती वळवळली. तिला भयंकर गुदगुल्या व्हायच्या. खिदळत, अंग चोरत ती पार जमिनीवर लोळली. बोट घसरत घसरत कमरेशी आलं तेव्हा सोनीबाईनं कपाळाचा घाम पुसला. "नऊच लागले बाप्पा."

गुरुजींना शिकवायची खोड. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नऊ मणके तर बेडकाला असतात."

मग जो हशा पिकला, तो धरमसिंगलाही आवरेना. जयानं ओढणीत तोंड लपवलं. लालीबाई हळूच हात मागं नेऊन आपली पाठ चाचपत राहिली. खरंच नऊच असले तर?

धरमसिंगनं न्याय दिला: मानीबाईनं टोपलीभर मोहफुलं भरून द्यावीत, आणि अर्थ न कळता पुस्तकातलं बोलली म्हणून लालीबाईनं आठ दिवस शाळेत बसावं.

मानीबाई खुदकन हसली. चार पावलं गेली आणि थांबली. आठ दिवसांत ही बाई किती शब्द घेऊन घरी येईल, याचा हिशेब तिच्या डोक्यात लागला असावा.

"नायक," ती मागं वळून म्हणाली, "म्याबी बसतो."

सोमवारी दोघी शाळेत शेवटच्या बसकरपट्टीवर बसल्या, मधे हातभर जागा सोडून. गुरुजींनी धडा शिकवून विचारलं, "पाण्याची वाफ होते, त्याला काय म्हणतात?"

"बाष्पीभवन!" मानीबाई ओरडली.

"माह्या तोंडात आलतं ते," लालीबाई म्हणाली आणि तिनं मानीबाईला असा चिमटा काढला, की गुरुजींनी दोघींनाही उभं केलं.