न धुतलेला सदरा

स्वप्नालीनं पडद्यावरच्या नकाशात महामार्गाची लाल रेघ सरोवराला वळसा घालून सीमेपर्यंत ओढली आणि नेमकी तेव्हाच खाली गोठ्यात म्हैस रेकली. तिनं घाईघाईनं माइक बंद केला, पण उशीर झाला होता. आफ्रिकेतल्या कंपालाहून बोलणारे तिचे वरिष्ठ उदयसिंह हसायला लागले.

"तुमच्या चंद्रीला रेघ पसंत नाही वाटतं!"

महामार्ग आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरापासून थेट पश्चिम किनाऱ्यापर्यंत जायचा होता, वाटेत कितीतरी देश ओलांडून. त्यातला सीमेवरचा तुकडा मंगळवार पेठेतल्या माडीवर बसून स्वप्नाली आखत होती. सीमेवर माल दोनदा अडायचा, एकदा अलीकडच्या नाक्यावर, एकदा पलीकडच्या. तोवर ट्रकात केळी काळी पडायची. दोन्ही देशांनी एकाच छपराखाली एकदाच तपासणी करावी, शेजारी शीतगृह आणि बाजार असावा, ही कल्पना तिचीच होती. ती मान्य झाली, आणि आता हे उभं करायला दोन वर्षं तिकडं येऊन राहा, असं बोलावणं आलं होतं. तिचा नवरा सम्राट गेल्यापासून इतकं हवंहवंसं तिच्या वाट्याला दुसरं काही आलं नव्हतं.

"मग काय ठरलं?" उदयसिंहांनी विचारलं.

"नाही जमणार, सर. घरी सासरे एकटे आहेत."

"उद्या मला दुसरं नाव कळवावं लागेल. अजून विचार कर."

विचार करण्यासारखं तिच्या मते काही उरलंच नव्हतं. सम्राट अपघातात गेला तेव्हा माहेरची माणसं तिला सांगलीला न्यायला आली होती. दादांनी, तिच्या सासऱ्यांनी, अडवलं नाही. नुसता दुधाचा पेला तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "पी आधी." आठ दिवस म्हणून राहिली, ती राहिलीच.

आणि आता दादाच थकत चालले होते. संध्याकाळी पेठेच्या कोपऱ्यावर म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळतं दूध पेल्यातून हातात द्यायचं, हे त्यांचं जन्माचं काम. तालमीतली पोरं रांग लावायची. पण हल्ली धारेला बसायचा तो मागच्या गल्लीतला ज्ञानू. दादा सुरुवातीला चंद्रीच्या मानेवर हात ठेवून नुसते उभे असत. पुढं पुढं तर लांब जाऊन बसू लागले. हात चालत नसणार आणि सांगायला लाजत असणार. त्यात परवा तिनं धुवायला काढलेला त्यांचा चौकड्याचा सदरा त्यांनी ढिगातून ओढला आणि तसाच घामट ज्ञानूला देऊन टाकला. अंगावरचे कपडे वाटायला लागलेलं माणूस म्हणजे आवराआवरच की! स्वप्नालीनं असाच अर्थ लावला होता. तसा तिचा दोष नव्हता. सांगलीच्या फ्लॅटात वाढलेली पोर. गोठ्यातलं तिला शेणाच्या वासापलीकडं काय ठाऊक असणार?

संध्याकाळी तिला राहवेना. ती कोपऱ्यावर गेली. दादांचा सदरा घालून ज्ञानू धार काढत होता. चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती. दादा कुठंच दिसत नव्हते.

"दादा कुठं गेले?"

"त्या टपरीमागं लपल्यात." ज्ञानू दात काढून हसला. "आज पास झाली बघा वहिनी, तुमची चंद्री! दादा न्हाईत, तरी पान्हा सोडला."

"म्हणजे?"

"म्हस परक्या हाताला दूध देती व्हय? चोरती की! म्हैना झाला, दादांचा एकेक घामट सदरा घालून बसतोय. धुतला की त्यांचा वास जातोय, म्हणून धुवू देत न्हाईत. बायको घरात घेत न्हाय मला."

टपरीमागून दादा बाहेर आले. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा. स्वप्नालीनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले. हात चांगले घट्ट होते.

"मला वाटलं, तुमच्यानं धार होत नाही."

"माझ्यानं?" दादा एवढ्या मोठ्यानं हसले की रांगेतली पोरं वळून बघायला लागली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "माडीवरचं समदं ऐकतोय मी. ते कंपाला का काय ते. मधलं मधलं इंग्रजी कळत न्हाय, पर तुझा आवाज कळतोय. त्या रस्त्याचं बोलायला लागलीस की सम्राट असताना बोलायचीस, तशी बोलतीस."

"मी नाही म्हणून सांगितलं, दादा. आज दुपारीच, तुम्ही घरी नव्हता तेव्हा."

दादांचं हसू मावळलं. ते कट्ट्यावर बसले. धोतराचा सोगा चाचपू लागले.

"कशापायी?"

"तुम्हाला एकटं टाकून जाऊ?"

"एकटाच राहायचं असतं, तर म्हशीला दुसऱ्याचा हात कशाला शिकवला असता, पोरी?" ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "मला संगं नेशील का, म्हणून इचारायचं हुतं. पर म्हस वळंल का न्हाय, कुणास ठावं. उगं तुला आशा कशाला लावायची, म्हणून गप बसलो."

स्वप्नालीला हुंदका आवरला नाही. कोपऱ्यावरच्या एवढ्या माणसांत ती लहान पोरीसारखी रडली. दादांनी ज्ञानूकडून पेला मागून घेतला आणि तिच्यापुढं धरला.

"पी आधी. मग कर त्या सायबाला फोन."

तिनं पेला रिकामा केला, डोळे पुसले आणि उदयसिंहांचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली.

"तिकडं जनावरं हायत का गं?" दादांनी विचारलं.

"गाई आहेत. हातभर लांब शिंगांच्या."

"असू देत. हात कळतोय जनावराला."

ते उठले. त्यांचा आवाज ऐकून चंद्रीनं मान वळवली आणि हलकेच रेकली. दादांची पावलं क्षणभर अडली. पण ते तिच्यापाशी गेले नाहीत. मागं न बघता घराच्या दिशेनं चालू लागले, आणि स्वप्नालीच्या कानाशी पलीकडून कुणीतरी फोन उचलला.