हरणीचे बूट उशाला

आमच्या इस्लामपूरच्या बाजूला भरतीला निघालेल्या पोरांना कुणी शुभेच्छा देत नाही. विचारतात, "हरणी दिसली का?" म्हणजे स्वप्न पडलं का. हरणी छाप बूट उशाला घेऊन झोपायचं, आणि स्वप्नात पळालास तर मैदानावरही पळशील, अशी आमच्याकडची रीत. शहाणीसुरती माणसं मानतात. आमचे हवालदार, म्हणजे माझे यजमान जयराज, तर मानतातच. फौजेत लागले होते तेव्हा त्यांना स्वप्न पडलं होतं ना.

या रितीचं मूळ मुंग्यांत आहे, हे मात्र कुणाला सांगून पटत नाही. कवठे महांकाळकडचे आप्पासो नावाचे एक माजी सैनिक होते. त्यांनी इथे एका शेडमध्ये पळायचे बूट शिवायला घेतले, तेव्हा साखर कारखान्यात रस गाळून टाकून दिलेलं जाड कापड वापरलं. कितीही धुतलं तरी त्याचा उसाचा वास जाईना. बूट दाराबाहेर ठेवले की मुंग्या लागायच्या, म्हणून पोरं ते उशाशी घेऊन झोपू लागली. उद्या पळायचं असलेली पोरं पळण्याचीच स्वप्नं बघणार, दुसरं काय बघणार? पण नाव झालं बुटांचं.

आणि नाव तरी किती व्हावं. बाजूला लाल धाग्यानं शिवलेली उडी मारणारी हरणी. लेझीमच्या पथकाला तेच बूट, शाळेच्या कबड्डीला तेच. माझ्या लग्नात हवालदारांनी कोटाखाली पांढरी हरणी घातली होती. फोटोत माझी मान खाली आहे ती लाजून नव्हे, मी ते बूट बघतेय. सोयरीक जमवताना लोक आधी विचारायचे, पोरगा हरणीवाला आहे का. मग परदेशी बूट आले, आप्पासो गेले, शेडला कुलूप लागलं. आता पुण्यातल्या कुणीतरी ते नाव विकत घेतलंय. तिथली मुलं म्हणे फाटक्या जीन्सवर हरणी घालून कॉफी प्यायला जातात. पळत कुणीच नाही.

माझ्या लेकीनं, सृष्टीनं, पोलीस भरतीसाठी तेच नवे बूट ऑनलाइन मागवले. खोकं उघडल्याबरोबर नाक आत घातलं. कसलाच वास नव्हता. तरी रोज उशाला घेऊन झोपली आणि रोज सकाळी तोंड पाडून उठली. कालव्याच्या रस्त्यावर पोरगी वाऱ्यासारखी पळायची, पण मनानं घेतलं ते घेतलंच. सांगलीला जायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना म्हणाली, "मी न्हाई जात. सपानच न्हाई पडलं."

हवालदारांनी भाकरी मोडत री ओढली. "व्हय, मग ऱ्हाऊ दे. फुडल्या भरतीला बघू."

माझं डोकं असं फिरलं की मी ताट तसंच ठेवून उठले. पोरीनं वर्षभर घाम गाळायचा आणि एका झोपेपायी घरी बसायचं. सोप्यात जाऊन आडवी झाले. उशी सापडेना म्हणून बुटांचं खोकंच डोक्याखाली घेतलं.

माझं माहेर कोयनानगरचं. लहानपणी घाटातनं शाळेला जाताना मला पळावंसं फार वाटायचं, आणि आई मागून म्हणायची, पोरीच्या जातीनं सावकाश. त्या दुपारी मी पळाले. अंगावर हीच घरातली साडी, पायांत हरणी. ढग रस्त्यावर उतरले होते. मी जवळ गेले की वळण आपणहून सरळ व्हायचं. दम लागत नव्हता, करवंदीच्या जाळ्या मागं सरत होत्या, आणि सगळ्या घाटाला उसाचा वास येत होता. एका वळणावर आई उभी होती. ती नुसती बाजूला सरली. आता शेवटचं वळण, त्याच्यापलीकडं धरणाचं पाणी, असं मनात आलं आणि हाक ऐकू आली. "आई."

सृष्टी दारात उभी होती. माझं तोंड अजून गोड होतं. ते स्वप्न मला हवं होतं. खरं सांगते, लेकीलाही देऊ नये इतकं हवं होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं, "सपान पडलं मला. तू पळत हुतीस. कोयनेच्या घाटात."

"मी?"

"तूच. लय जोरात."

हवालदारांनी विचार केला. "आईला पडलं तरी चालतंय," म्हणाले. "रगत एकच हाय."

सांगलीला मैदानाच्या फाटकाबाहेर मी पदराचं टोक चावत उभी होते. पोरगी बाहेर आली ती लालबुंद, बूट हातात, पोटऱ्या धुळीनं माखलेल्या. "पयली आले," म्हणाली, आणि माझ्या गळ्यात पडली. मी रडले. रडायचं नाही असं ठरवून गेले होते.

परतीच्या एसटीत ती बुटांची धूळ झटकत बसली. मग म्हणाली, "आई, काल तू झोपलीस तवा तुजं पाय हलत हुतं. मी किती येळ बगत हुते."

मी तिच्याकडं वळले. "मग खोटं म्हाईत असून गेलीस व्हय?"

"तू तुजं सपान मला दिलंस. घरी कशी बसू?"

तिनं बूट आपल्या ओढणीत गुंडाळले, घडी सारखी केली आणि माझ्या मानेखाली सरकवली. घामानं ओले झालेले ते नवे बूट, त्यांना आता वास येत होता.

"किती ऱ्हायला हुता घाट?" तिनं विचारलं.

"एक वळण."

"मग झोप. स्टँड आलं की उठवते."