फेस बसेपर्यंत

मी पाच मिलीची पिचकारी बोलतेय. दचकू नका, मला सुई नाही. तोंडानं औषध द्यायची साधी प्लॅस्टिकची पिचकारी मी. टोचायचं काम जिभेनं करते, ते पुढं कळेलच. शिक्षण म्हणाल तर माझं पाचपर्यंत झालंय. पोटावर तेवढेच आकडे छापले होते, त्याच्या पुढचं मला मोजता येत नाही. त्यातलेही दोन आता पुसलेत, म्हणजे शिकलेलंही विसरत चाललेय. दट्टा ओढला की कुरकुरते, ढकलला की अडते. थकलेय मी.

माझे आईबाप म्हणजे कुठलं यंत्र, ठाऊक नाही. पाकिटावर लिहिलं असेल. पण ते पाकीट सोनियानं दातानं फाडलं आणि कचऱ्यात टाकलं. तेव्हापासून मी पुंडलिकनगरातल्या या घरची.

घर द्वारकाबाईचं. मुलगा इंद्रजीत शेंद्र्याच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, आणि सोनिया त्याची बायको. गल्लीतली निम्मी पोरं द्वारकाबाईनं तान्ही असताना पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली. आता ती मिशा फुटलेली पोरं मोटारसायकल उडवत जातात, पण हिला बघितलं की मान खाली घालतात. कारण कुणाला कुठं तीळ आहे, ते ही चारचौघांत सांगते.

अशी ही बाई नवरा गेल्यावर झोपेना झाली. तेव्हाच्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी म्हणून एक गोळी दिली. ते थोडे दिवस काही संपले नाहीत. वर्षं गेली, गोळी मुक्कामाला राहिली. शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की ही सोडवू, पण हळूहळू. एकदम बंद केली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. गोळीचे हवे तितके बारीक तुकडे पडत नाहीत, म्हणून तेच औषध पातळ घ्यायचं आणि त्या सांगतील तसं माझ्या पोटावरच्या रेघेरेघेनं खाली उतरायचं. द्यायच्या आधी बाटली हलवायची.

रेघ म्हटल्यावर इंद्रजीत खूश. याचा जन्मच रेघेवर बसण्यासाठी झालेला. कारखान्यात दिवसभर लोखंडाचे तुकडे मापतो, घरी आल्यावर पोळ्यासुद्धा गोल आहेत का बघतो. सोनिया म्हणते, "यांच्या हातात पोळपाट दिला तर पोळी रिजेक्ट करून परत पाठवतील." मला तो डोळ्यासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा, श्वास रोखायचा. केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही. असा मान मला कुठल्या पिचकारीच्या नशिबी दिसला नाही, खरं सांगते.

पण त्याचा एक शत्रू होता. बुडबुडा.

बाटली हलवली की फेस यायचा, आणि फेसातून मला भरलं की पोटात बुडबुडे. बुडबुडा म्हणजे मापात खोट. म्हणून हा बहाद्दर बाटली नीट खालीवर हलवायचा, ओट्यावर ठेवायचा आणि अंघोळीला जायचा. येऊन चहा प्यायचा. फेस बसला, की मग माझं तोंड हळूच वरच्या वर बुडवायचा.

आता फेसाबरोबर आणखी कोण बसायचं, ते मला माहीत होतं. औषधाची पूड तळाला जाऊन पाय पसरून बसलेली असायची आणि माझ्या वाट्याला वरचं पाणचट यायचं. रेघ बरोबर, आतलं फुसकं. ओरडून सांगावं, तर माझं तोंड बाटलीत.

मग बाटली नवी असली की द्वारकाबाईचे हात थरथरायचे. अंगाला घाम सुटायचा, डोळा लागायचा नाही, झाकण पडलं तरी छाती धडधडायची. बाटली तळाला आली की तळाचं घट्ट पोटात जायचं. मग ती भिंत धरून चालायची आणि हातात घास घेऊन पेंगायची. घरातल्यांचे तर्क ऐकून मला दट्ट्यापर्यंत हसू यायचं. सोनिया म्हणायची, मेडिकलवाला नव्या बाटलीत पाणी घालतो. इंद्रजीत म्हणायचा, आई मनाला लावून घेते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हलवून देता ना?" तर हा छाती काढून म्हणाला, "रोज, मॅडम." त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. बाई तरी काय करणार? त्यांनी खाली उतरणं थांबवलं आणि आहे त्याच मापावर राहायला सांगितलं.

अशात लेक राजनंदिनी बाळंतपणाला आली आणि तिला मुलगी झाली. द्वारकाबाईनं पाट काढला, तेल कोमट केलं, लुगडं वर खोचून मोरीत पाय लांब करून बसली. बाटली नेमकी नवी. बाळाला हातात घेतलं, तर हात असे हलायला लागले की तेलाची वाटीच लवंडली.

राजनंदिनीनं बाळ उचललं. "आई, राहू दे. भामाबाईला सांगू."

"माझ्या हातून आजवर एक पोरगं निसटलं नाय."

"म्हणून तर म्हणते, राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून भामाबाई न्हाऊ घालायला येऊ लागली. द्वारकाबाई दाराच्या चौकटीला टेकून बघायची आणि चुका काढायची. "भामे, मान धर. पोरगी हाय ती, पडवळ नाय." भामाबाई म्हणायची, "अक्का, तुम्हीच शिकवलंय. आता गप बसा." अक्का गप बसायची नाही, पण हात पदराखाली लपवायची. ते मला शेल्फावरून दिसायचं. तेव्हा मात्र हसू यायचं नाही.

राजनंदिनीचं सासर हर्सूलला. जायचे दिवस जवळ आले. जायच्या आधी एकदा तरी नातीला आपल्या पायावर न्हाऊ घालायचं, एवढंच या बाईचं मागणं. आणि इंद्रजीत म्हणाला, "बस झाले हाल. मॅडमना सांगतो, परत पहिल्यासारखी गोळी चालू करा. जन्मभर घे."

"गोळी खाऊन मी पेंगते," द्वारकाबाई म्हणाली. "पोरगी पायावर घेऊन पेंगू व्हय? तू तुझं लोखंड माप बाबा, माझं नको ठरवू."

तेवढ्यात कारखान्यानं इंद्रजीतला ट्रेनिंगला पुण्याला धाडलं. जाताना त्यानं सोनियाला माझ्यावर तासभर व्याख्यान दिलं. सोनियानं मान डोलवली आणि तो रिक्षात बसताच सगळं विसरली. तिला कुठला वेळ? कुकरच्या शिट्ट्या होतायत, बाळंतिणीचा डिंकाचा लाडू वळायचाय. ती बाटली खडखडून हलवायची, लगेच मला आत खुपसायची, उलटी धरून नखानं टिचक्या मारायची, वर आलेली हवा बाहेर ढकलायची, कमी पडलं तर पुन्हा ओढून रेघेवर आणायची. टिचक्यांनी माझ्या बरगड्या दुखायच्या. पण पोटात जे यायचं, ते रोज एकसारखं यायचं.

नवी बाटली तिनंच उघडली. द्वारकाबाई थरथरीची वाट बघत बसली. एक दिवस गेला, चार गेले. एका सकाळी तिनं भरलेली कपबशी हातावर धरली आणि बघतच राहिली. बशी वाजत नव्हती.

"सोने, बाटली नवी हाय ना?"

"हो. का, आई?"

"मग माझे हात गप कसे?"

इंद्रजीत परतल्यावर सगळी वरात दवाखान्यात. मीही पिशवीत. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि इंद्रजीतला म्हणाल्या, "घरी भरता तसं भरून दाखवा."

यानं बाटली झोकात हलवली. टेबलावर ठेवली. हाताची घडी घातली.

बाई बघतायत. हा बघतोय. भिंतीवरचं घड्याळ बघतंय.

"कशाची वाट बघताय?" बाईंनी विचारलं.

"फेस बसायची, मॅडम."

"फेस बसेपर्यंत औषधही बसतं हो."

इंद्रजीतचा चेहरा असा झाला, जणू त्याचीच सगळी बॅच रिजेक्ट झाली. द्वारकाबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ताक तरी ढवळून वाढतेत रे इंद्रा. तू तर अंघोळीला जाऊन येतो."

सोनिया पदरात तोंड घालून हसत होती. बाईंनी मला उजेडाला धरलं, पुसलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हिचं वय झालं. नवी घ्या." माझ्या निवृत्तीचा समारंभ तेवढाच. औषध त्यांनी आहे त्या मापावर ठेवलं. नीट हलवून, लगेच भरून थोडे दिवस स्थिर राहू द्या, मग पुन्हा हळूच खाली उतरू, म्हणाल्या.

काल राजनंदिनी सामान भरत होती. शेल्फावर मी धुऊन ठेवलेली. मला उचलून म्हणाली, "आई, ही घेऊ का गं? पोरीच्या ड्रॉपला कामाला येईल. टाकायचं कशाला?" या घरात काही टाकत नाहीत, लोणच्याची बरणी विसळून तिसऱ्यांदा वापरतात. माझा रबर जुनाट. त्याच्या खाचेत काय साचलंय, ते कितीही उकळलं तरी माझं मलाच सांगता येत नाही.

द्वारकाबाईनं मला तिच्या हातातून काढून घेतलं. कात्री घेतली आणि कचकन माझे दोन तुकडे केले. "आज्जीचं औषध नातीच्या तोंडात नको," एवढंच म्हणाली. कात्री सरळ चालली, हे मी तुकडे होताहोता बघितलं. आयुष्यात कुणी माझं एवढं भलं केलं नव्हतं.

आता मी मोरीच्या बाहेर खिळ्याला टांगलेल्या कचऱ्याच्या पिशवीत आहे. डोकं इकडं, दट्टा तिकडं. आतून पाण्याचा आवाज येतोय. भामाबाई तांब्यानं पाणी घालतेय आणि बाळ दुसऱ्याच कुणाच्या तरी पायांवर आहे.

"अक्का, मान धरा," भामाबाई म्हणतेय. आज बदला घेतेय सटवी.

"तू पाणी घाल गपगुमान," अक्का म्हणतेय. बाळ आधी रडलं, मग त्याला ते पाय आवडले असावेत, गप झालं.

गल्लीच्या तोंडाशी घंटागाडी वाजतेय, माझी वरात निघायची वेळ झाली. माझ्या जागी आलेल्या पोरीचे सगळे आकडे शाबूत आहेत, म्हणून ती शहाणी असेल असं समजू नका. बाबांनो, तिला रेघेवर धरायच्या आधी बाटली हलवा, आणि हलवून झाल्यावर अंघोळीला जाऊ नका. दवाखान्यातून आल्यापासून इंद्रजीत बाटली हलवली की औषध भरून होईपर्यंत, चहा गार झाला तरी, जागचा हलत नाही.

निघते. सोनियानं पिशवीला गाठ मारली.