भाऊसिंगाचा अर्ज

उकंडरावाने टाक दौतीत बुडवला, डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि समोर उकिडव्या बसलेल्या नानाजी तेल्याला विचारले,

"वय?"

"लिवा ना तीस-बत्तीस."

"पोरगी तुही नांदाले गेली, न तू बत्तीसचा?"

"दवाखान्याले जवान मानूस पाह्यजे म्हंते."

उकंडरावाने बत्तीस लिहिले. चपराशाच्या जागेसाठी हा तिसरा अर्ज होता. नानाजीने अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली आणि अर्ज जिंकल्यासारखा हातात धरून तो ओट्यावरून उतरला. उकंडराव त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. बेचाळीस वर्षांचा तेली, बैलामागे गोल गोल फिरण्यात जन्म गेला, आणि आता म्हणे साहेबाच्या दाराशी उभा राहणार!

सदतीस सालच्या त्या उन्हाळ्यात केनवडच्या चावडीवर छापील जाहिरात लागली, आणि गावाला नोकरीचा ताप चढला. वाशीमचे दीनबंधू रुग्णसेवा मंडळ दानधर्मावर चालत असे. त्याचा वाशीमला साठ खाटांचा दवाखाना होता आणि रिसोड, मालेगाव, शेलूबाजार धरून आजूबाजूला अकरा लहान दवाखाने. जाहिरातीत कारकून एक, ड्रेसर दोन, चपराशी दोन, स्वयंपाकी एक असे लिहिले होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा, हेही उकंडरावालाच गावाला समजावून सांगावे लागले. अकोल्याला राहून दोनदा मॅट्रिक नापास झालेला तो गावातला एकटाच. त्यामुळे पाच दिवसांत त्याच्या ओट्यावर आठ अर्ज लिहिले गेले. नववा, कारकुनाच्या जागेचा, त्याचा स्वतःचा होता. तो सुवाच्य लिहून, टीपकागदाने टिपून, ट्रंकेत ठेवलेला होता.

त्याला ही माणसे आवडत नसत. खरे तर त्याला गावच आवडत नसे. आधीची दोन मुले गेली म्हणून आईने तो जन्मला तेव्हा त्याला उकिरड्यावर टाकून उचलले होते आणि नाव ठेवले उकंड. त्याबद्दल त्याने आईलाही मनातून माफ केले नव्हते. बाप जानराव पन्नास एकरांचा धनी. तो म्हणे, "घरचं राज सोडून दुसऱ्याच्या दारात कागद काळे कराचे, हे कोन्या शहान्यानं सांगतलं तुले?" पण सासरा वाशीमचा. त्याने उकंडरावाच्या बायकोला, कस्तुराबाईला, दिवाळीपासून माहेरी ठेवून घेतले होते. जावई टेबलखुर्चीवर बसला की पोरगी पाठवतो, असा त्याचा निरोप होता. शेतात ढेकळे तुडवणाऱ्याकडे त्याची पोरगी येणार नव्हती, आणि उकंडरावाला मनातून सासऱ्याचे म्हणणे पटत होते.

"भाऊ, माहा बी एक लिवून देता का?"

ओट्याच्या खाली भाऊसिंग उभा होता. गावाबाहेरच्या तांड्यातला, सडकेवर गिट्टी फोडायला जाणारा. वहाणा त्याने आधीच काढून बाजूला ठेवल्या होत्या.

"कोन्या जागेचा?"

"ते जखमा धुवाचं."

"शाळा किती?"

"तांड्यात कुठली शाळा, भाऊ."

"सर्टिफिकेट? कोनाची शिफारस?"

भाऊसिंगाने मान हलवली.

"मंग येते काय तुले?"

"माही माय सात महिने पडून होती," भाऊसिंग म्हणाला. "पाठीले जखमा पडल्या होत्या. मीच धुवत होतो. निंबाचं पानी करून. बाईमानूस होती, पन दुसरं कोनी नव्हतं. पाठ वली राहू द्याची नाही, हे मले समजलं होतं."

"बरी झाली?"

"नाही. मेली ते."

उकंडरावाने नाकाला उपरण्याचे टोक लावले. सकाळपासून 'विनंती विशेष' आणि 'कृपाभिलाषी' लिहून त्याचा हात आंबला होता. हा माणूस, ही विद्या आणि हा अर्ज! त्याला एकाएकी गंमत सुचली. त्याने कोरा कागद ओढला आणि न थांबता लिहू लागला. लिहिता लिहिता त्याच्या ओठांना मुरड पडत गेली. एकदा तर तो मोठ्याने हसला.

'मेहेरबान सेक्रेटरीसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार भाऊसिंग, राहणार केनवडलगतचा तांडा, यास अक्षरओळख नाही. सर्टिफिकेट नाही. शिफारस करील असा एकही इभ्रतदार मनुष्य त्यास ओळखत नाही. अर्जदाराने जखमा धुण्याची विद्या एकाच बाईच्या पाठीवर मिळविली. ती त्याची आई. सात महिने त्याने तिच्या जखमा निंबाच्या पाण्याने धुतल्या, सात महिने तिला या कुशीवरून त्या कुशीवर केले, आणि शेवटी बाई मेली. सबब अर्जदार या परीक्षेत नापास समजावा. दुर्गंधीची त्यास सवय आहे. किळस म्हणजे काय, हे त्यास कोणी शिकविलेले नाही. तरी आपल्या मंडळात जे काम करण्यास एकही शहाणा मनुष्य तयार होणार नाही, ते यास द्यावे. तो नाही म्हणणार नाही.'

"काय लिवलं, भाऊ?"

"तुले काय समजते त्यातलं? लाव अंगठा."

भाऊसिंगाने अंगठा लावला. कागदाची घडी पागोट्यात खोवून तो निघून गेला. उकंडरावाने मनाशी वाशीमचा तो सेक्रेटरी पाहिला, अर्ज वाचून खो खो हसणारा, आणि त्याला दिवसभर बरे वाटले.

बोलावणे आले ते वैशाखात. उकंडराव मालेगावपर्यंत बैलांच्या दमणीतून आणि पुढे मोटारीने गेला. दवाखान्याच्या पडवीत साठ-सत्तर उमेदवार दाटीवाटीने बसले होते. कोणी धुतलेल्या टोप्या घातल्या होत्या, कोणी उसने कोट. एकाने गळ्यात तुळशीची माळ घातली होती, आणि ती नवी कोरी होती. उकंडराव त्यांच्यात बसला नाही. खांबाला टेकून, कोटाला चुना लागणार नाही अशा बेताने उभा राहिला. आतून फिनेलचा वास येत होता, आणि त्याखालून दुसरा एक वास, ज्याचे नाव त्याला नको होते. दुसऱ्याच्या खोकल्यावर आणि गळवांवर एवढा पसारा उभा करायचा आणि त्याला सेवा म्हणायचे! पण कारकुनाची खोली वेगळी होती, तिला पंखा होता. ती त्याने येताच पाहून घेतली होती.

कोपऱ्यात भाऊसिंग जमिनीवर बसला होता. तो केनवडहून चालत आला होता. उकंडरावाने त्याला ओळख दिली नाही. भाऊसिंगाला त्याच्या आधीच आत बोलावले गेले.

आत टेबलामागे तिघे होते: निवृत्त हेडमास्तर असलेले सेक्रेटरी, मोठे डॉक्टर, आणि पांढऱ्या लुगड्यातली, चाळिशी ओलांडलेली चतुराबाई मेट्रन. मेट्रन खुर्चीवर बसलेली पाहून उकंडरावाच्या कपाळाला आठी पडली.

"या संस्थेत का यावंसं वाटलं तुम्हाला?" सेक्रेटरींनी विचारले.

"दीनदुबळ्यांची सेवा हातून घडावी, अशी लहानपणापासूनची—"

"आतापस्तोर कोनाची केली?" चतुराबाईने विचारले.

खिडकीबाहेर कोणीतरी बादली आदळली.

सेक्रेटरींनी समोरच्या गठ्ठ्यातून आठ कागद वेगळे काढून पसरले. "हे सगळं अक्षर आपलंच ना?"

"हो. गावातली मंडळी अशिक्षित आहेत. लिहून द्यावं लागतं."

"आणि हा?"

सर्वांत वर भाऊसिंगाचा अर्ज होता. त्याच्या घड्या वापरून वापरून मऊ झालेल्या दिसत होत्या. उकंडरावाच्या मानेवरून घामाचा थेंब कॉलरमध्ये उतरला. संस्थेची थट्टा केली म्हणून आता हाकलून देतील, आणि बातमी उद्या सासऱ्याच्या ओसरीवर पोचेल.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नऊ वर्षं मी अर्ज वाचतो आहे," ते म्हणाले. "सगळे सुशील, सगळे निर्व्यसनी, सगळे आज्ञाधारक. अर्ज वाचून माणूस दिसला, असं पहिल्यांदा झालं. 'सबब नापास समजावा.' हे वाक्य वाचून मी कागद खाली ठेवला हो. एवढं त्याच्या काळजात शिरून लिहिलंत तुम्ही!"



"हे त्यानं सांगतलं," चतुराबाईने सावकाश विचारले, "का तुमी घातलं?"

"मी... घातलं."

"हं," ती म्हणाली.

सेक्रेटरी बोलत होते. रुग्णांपैकी शंभरातल्या नव्वदांना लिहिता येत नाही. त्यांची घरची पत्रे, त्यांचे अर्ज लिहायला कोरडा कारकून उपयोगाचा नाही, अंतःकरण असलेला माणूस हवा. पहिल्या तारखेपासून रुजू व्हावे.

बाहेर आल्यावर उकंडरावाने खिशातला रुमाल काढून मान पुसली. मग त्याला हसू फुटले. धन्य ते मंडळ! थट्टा आणि दया यांतला भेद कळत नाही, आणि म्हणे बारा दवाखाने चालवतात. सासऱ्याला काय काय सांगायचे, याची तो जुळवाजुळव करू लागला. 'डॉक्टर स्वतः म्हणाले' इथून सुरुवात करायची, असे त्याने ठरवले.

विहिरीच्या थाळ्यापाशी भाऊसिंग हात धुत होता. कोपरापर्यंत, लाल साबणाने, कोणीतरी आत्ताच शिकवल्यासारखे बोटांच्या बेचक्यांतून.

"लागली न तुमची?"

"लागली."

"माही बी. उद्यापासूनच या म्हंते."

"नशीब काढलं लेका. माह्या अर्जानं—"

"डाक्टरसायबानं वाचून दाखवला मले," भाऊसिंग म्हणाला. "दोन डाव."

उकंडरावाने मागे दाराकडे पाहिले.

"त्याईले लई आवडला. मले नाही आवडला." भाऊसिंगाने हातावरचा फेस धुतला. "मेली ते माही माय होती. तुमी लिवतानी हासून राह्यले होते. मले वाटलं, शिकले-सवरलेले मानसं लिवतानी हासतच असतीन."

मागे कोणीतरी पुढच्या उमेदवाराचे नाव पुकारले.

"मंग त्याईले सांगतलं काहून नाही?" उकंडरावाने आवाज खाली आणून विचारले.

"सांगतलं असतं, त दोघाईची बी गेली असती," भाऊसिंग म्हणाला. "तुमची गेली असती, त जावो बापा. मले माही पाह्यजे होती."

त्याने ओले हात झटकले, आणि उकंडरावाकडे न पाहता तो वॉर्डाच्या पायऱ्या चढून गेला.

कस्तुराबाई दुसऱ्याच आठवड्यात नांदायला आली. दवाखान्यामागे दोन खोल्या मिळाल्या. सासऱ्याने ओळखीच्यांना टेबलखुर्ची दाखवायला आणले, आणि उकंडरावाने त्यांना पंखाही चालवून दाखवला. पण रोज अकरा वाजता त्याला ती खोली सोडून, दौत, टाक आणि कागद घेऊन वॉर्डात जावे लागे.

ज्येष्ठात शेलूबाजारची बेबीबाई तिथे दाखल झाली. तिचा पाय गुडघ्याखाली काळा पडला होता. उकंडराव खाटेपासून हातभर लांब स्टुलावर बसला.

"कोनाले लिवाचं?"

"माह्या पोराले. खानदेशात गेला कामाले." म्हातारीने डोळे मिटून घेतले. "लिव. मी बरी हाये."

उकंडरावाने पायाकडे पाहिले. "पाय त कापाचा हाये म्हंते डाक्टर."

"तुले इचारलं का? पाय माहा, पोरगं माहं. तुहा फक्त टाक हाये. मी बरी हाये, लिव. वावरात पेरनी करून घेतली. लिवलं? येऊ नको म्हन. येनं-जानं लई पडते."

त्याने लिहिले. ती एकेक वाक्य सांगत गेली. मध्येच थांबे, श्वास घेई. पत्र पाच ओळींचे झाले.

"झालं," तो उठू लागला.

"बस खाली. भाऊसिंगाले बलव."

"त्याले वाचता येत नाही, बाई."

"मले मालूम हाये. कोन खरं वाचते, ते त्याले समजते. बलव त्याले. त्याच्यापुढं वाच."

भाऊसिंग दोन खाटांपलीकडे एका माणसाची पाठ पुसत होता. त्याने हातातले काम पुरे केले, फडके तसराळ्यात टाकले, हात धुतले आणि तो म्हातारीच्या उशाशी येऊन उभा राहिला.

उकंडरावाने पत्र वाचले. त्याचा आवाज सरळ होता. वाचताना भाऊसिंगाने एकदाही कागदाकडे पाहिले नाही; तो उकंडरावाच्या तोंडाकडे पाहत होता.

"बराबर हाये का रे बाप्पा?" म्हातारीने डोळे न उघडता विचारले.

भाऊसिंगाने म्हातारीची उशी सरळ केली.

"अजून एक डाव वाचा," तो म्हणाला.

उकंडरावाने स्टूल खाटेजवळ ओढले, घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.