भाजलेली माती

आजीच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते, असं गल्लीतल्या बायका म्हणत. त्या टोमणा मारत, आजी शाबासकी समजे.

त्याच चकचकीत घरात नात मात्र दिवसभर शिंकायची आणि अंग खाजवून लाल करायची. आईच्या माहेरी, जिथे शेळ्या अंगणातून थेट स्वयंपाकघरात शिरतात, तिथे गेली की खडखडीत बरी.

डॉक्टर म्हणाला, "नक्की सांगता येत नाही, आजी. पण लहानपणी माती, जनावरं यांच्यातले जंतू अंगाला भेटले नाहीत, पोटातली जंतूंची वस्तीही विरळ राहिली, तर शरीराच्या पहारेकऱ्यांना आपलं कोण, परकं कोण कळत नाही. मग ते साध्या धुळीवरच धावून जातात."

"म्हणजे रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," आजी म्हणाली. "आणि दोष माझ्या फिनेलचा."

घरी येताच सुनेने बॅग काढली. "आई, वर्षभर हिला माहेरी घेऊन जाते."

आजी दार अडवून उभी राहिली. नात गेली तर फरशी चमकवायची कुणासाठी? आणि जाणार कुठे, तर त्या गबाळ्या विहिणीकडे, जिच्या घरचा पाण्याचा पेला आजीने लग्नात सगळ्यांदेखत पदराने पुसून घेतला होता.

"जंतूच हवेत ना? मी आणते."

तिने नदीकाठची माती आणली. चाळली, धुतली, वाळवली, कढईत चांगली खरपूस भाजली. पांढऱ्या चादरीवर पसरून नातीला म्हणाली, "खेळ बाळा. फक्त हात मळवू नकोस."

सून हसून हसून खालीच बसली. "आई, तुम्ही तर जंतूंचा अंत्यविधी उरकलात."

आजीने मातीसकट चादर गुंडाळली. मग तिने विहिणीला फोन लावला.

"विहीणबाई, एक शेळी पाठवा."

"अगंबाई. आमच्या शेळ्यांना वास येतो म्हणाला होतात."

"येतोच. वासासकट पाठवा."

शेळी आली ती सरळ बैठकीच्या खोलीत. फरशीवर लेंड्या टाकून उभी राहिली. नातीने तिच्या गळ्याला मिठी मारली.

आजीचा हात आपसूक फिनेलच्या बाटलीकडे गेला. सुनेची भरलेली बॅग अजून दारातच होती. आजीने बाटली उचलली आणि सुनेच्या हातात दिली.

"माळ्यावर ठेव, माझा हात पोचणार नाही अशी. आणि ती बॅगही तिथंच टाक."