हवेतली कळशी

राजेश्वर गावच्या नव्या विहारात बुद्धजन्माचं चित्र काढायचं ठरलं. चेहरे आपल्याच माणसांचे असू द्या, आपलेपणा वाटतो, असं समितीचे अध्यक्ष रत्नपाल यांनी पेंटर गुरुबसवला सांगितलं. गुरुबसव हुलसूरचा, जन्म बॅनर रंगवण्यात गेलेला. ज्याचा मान मोठा त्याचं तोंड मोठं आणि वर, एवढंच शास्त्र त्याला पाठ. शालवृक्षाची फांदी धरून ताठ उभ्या महामायेला त्यानं रत्नपालांच्या सुनेचं, पंचशीलाचं, तोंड दिलं. मागच्या देवांना समितीतली तोंडं. खाली कळशी घेऊन वाकलेली दासी, तिला भागाबाईचं.

विहाराची जागाच मुळी भागाबाईची. नवऱ्यामागं उरलेलं अंगण तिनं देऊन टाकलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती झाडायला आली आणि खराटा टाकून भिंतीपुढं उभी राहिली.

रत्नपालांनी समजूत घातली. दासी ग्रंथातच आहे, महामायेची सेवा म्हणजे पुण्यच.

"पुण्य हाय तर पंचशीलाला कामून वाकवंना? मी धरते की फांदी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. रत्नपाल चिडले. चित्रात वरचा-खालचा बघायचा नसतो, ते सगळं आपण छप्पन साली सोडलं, म्हणाले.

"आम्ही सोडलं, रत्नपाला. तू तिथंच वर जाऊन बसलास."

कंबर सरळ केली तर दासी वरच्या देवांत घुसेल, अर्धी भिंत खरवडावी लागेल, तोंड मात्र लगेच बदलतं, असं गुरुबसव म्हणाला. कुणाचं लावू? सगळी समिती फरशी बघू लागली.

तेव्हा दाराशी बसलेली रत्नपालांची आई, राजूबाई, बोलली. तिनं आणि भागाबाईनं एकाच पाटलाच्या रानात जन्मभर खुरपलं होतं. "माझं लाव. मी बी वाकूनच ह्याला शिकवलं."

उद्या कलबुर्गीहून साहेबलोक येणार होते. रत्नपालांनी आईकडं बघितलंच नाही. "दासीच पुसून टाका," ते म्हणाले.

दासी गेली. घाईत कळशी तेवढी राहिली, हवेत लटकून पाणी ओतत. बरं दिसतं, दैवी वाटतं, असं म्हणून रत्नपालांनी ती ठेवायला सांगितली.

भागाबाईनं खराटा उचलून भिंतीकडं रोखला. "कळशी बी पूस रे पेंटर. ती बी आम्हीच भरून आणलेली."

मग राजूबाईला हाताला धरून उठवलं आणि खराटा काखेत मारून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी साहेबलोक दारातला कचरा ओलांडून आत आले.